जुना पत्ता

(लेखक उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकले आणि पुढे उर्दू शाळांतच मराठीचे शिक्षक झाले. पनवेलच्या कॉलेजातील दिवस आणि तिथे भेटलेला एक मित्र यांच्या आठवणी त्यांनी या पाठात सांगितल्या आहेत.)

पनवेल हे जुने गाव. गाढी नदीच्या काठी आणि खाडीच्या जवळ वसलेले. एके काळी इथल्या बंदरात गलबते लागत. इथली नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे महाराष्ट्रातील अगदी जुन्या नगरपालिकांपैकी एक. गावात तलाव होते, बाजार होता, शाळा होत्या. कॉलेज मात्र नव्हते. मॅट्रिक झालेल्या मुलाला पुढे शिकायचे असेल, तर मुंबई किंवा पुणे गाठावे लागे. तेव्हा वाशीचा खाडीपूलही नव्हता. तो १९७३ साली झाला. मुंबईला जाणारी गाडी ठाण्याचा वळसा घेऊन जाई. ज्यांचे नातेवाईक मुंबईत होते, ती मुले गेली. बाकीच्यांनी दुकान, शेत किंवा होडी धरली. मुलींच्या शिक्षणाची तर गोष्टच निघत नसे.

१९७० साली रयत शिक्षण संस्थेने पनवेलला महात्मा फुले महाविद्यालय सुरू केले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ही संस्था ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी स्थापन केली होती. त्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि स्वतः कष्ट करून शिकत. एकदा मुलांच्या जेवणाची सोय होईना, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले मंगळसूत्रही दिले. ही हकीकत आमच्या कॉलेजात प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ऐकायला मिळे. भाऊराव १९५९ साली वारले. त्यांनी पनवेलचे कॉलेज पाहिले नाही. पण त्यांनी सुरू केलेली ‘कमवा आणि शिका’ योजना इथपर्यंत आली होती.

मी १९८१ च्या जूनमध्ये या कॉलेजात बी.ए.ला नाव घातले. माझ्या शाळेच्या दाखल्यावर ‘जिल्हा कुलाबा’ असे छापलेले होते आणि कॉलेजच्या अर्जावर मी ‘जिल्हा रायगड’ असे लिहिले. त्याच वर्षी जिल्ह्याचे नाव बदलले होते. कारकुनाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि हसून शिक्का मारला.

वडिलांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. ते म्हणाले, “एक वर्ष बघ. जमलं तर शीक. नाही जमलं तर पाना हातात घे.” त्यांचे म्हणणे रास्त होते. घरी आम्ही कोकणी बोली बोलत असू. शाळेत दहा वर्षे उर्दू. आणि इथे इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, सगळे मराठीतून. देवनागरी मला येत होती, पण सर भरभर सांगत आणि माझा हात त्या वेगाने चालत नसे. उर्दूत मात्र मी वाऱ्यासारखा लिहीत असे. म्हणून मी एक युक्ती केली. सर मराठीत सांगत आणि मी ते मराठीच उर्दू लिपीत उतरवून घेई.

माझ्या बाकावर एक मुलगा बसत असे. तो वरचे ओवळे या गावाहून येई. सावळा, उंच, पायात नेहमी चिखलाने भरलेल्या चपला. पावसाळ्यात तो खाजणाच्या बांधाबांधाने चालत येई. ‘कमवा आणि शिका’मध्ये त्याचे नाव होते. सकाळी तास सुरू होण्याआधी तो बागेत काम करी, नाहीतर ग्रंथालयातल्या पुस्तकांवरची धूळ झटके. एक दिवस त्याने माझ्या वहीत डोकावून पाहिले.

“हे काय उजवीकडून डावीकडे?”

“मराठी आहे.”

“थापा मारू नकोस. वाच बघू.”

मी वाचून दाखवले. सरांचे वाक्य न् वाक्य त्यात होते. तो आ वासून ऐकत राहिला. मग म्हणाला, “पण ‘शाला’ काय म्हणतोस? ‘शाळा’ म्हण.”

तिथेच आमची खरी ओळख झाली. कारण उर्दूत ‘ळ’साठी अक्षर नाही आणि ‘ण’साठीही नाही. मी ‘लाम’च्या खाली एक टिंब देऊ लागलो, ते माझे ‘ळ’. ‘नून’वर एक छोटा ‘तोय’ काढू लागलो; ते माझे ‘ण’. गंमत अशी, की मला सुधारणारा हा मित्रसुद्धा घरी ‘पानी’च म्हणे आणि ‘काला’च म्हणे. आगरी बोलीत ‘ळ’ आणि ‘ण’ फारसे ऐकू येत नाहीत. आमच्या कोकणी बोलीतही तेच. पुस्तकातली मराठी आम्हा दोघांनाही शिकावीच लागली. तो एक पायरी पुढे होता, एवढेच.

एके दिवशी मात्र तो मागे पडला. मराठीत ‘जग’ हा शब्द दोन प्रकारे उच्चारतात, हे तुम्हांला माहीत असेल. ‘जग फार मोठे आहे’ यातला ‘ज’ वेगळा आणि ‘तू सुखाने जग’ यातला ‘ज’ वेगळा. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहितात. मी मात्र पहिला शब्द ‘जीम’ने आणि दुसरा ‘ज़े’ने लिहिला होता. त्याने कारण विचारले, तेव्हा मी दोन्ही शब्द म्हणून दाखवले. तो विचारात पडला.

“म्हणजे आमच्या लिपीत नाही ते तुझ्या लिपीत आहे!”

“आणि माझ्या लिपीत नाही ते तुझ्या लिपीत,” मी म्हणालो.

मग रोजचा नेम ठरला. दुपारी ग्रंथालयाबाहेरच्या व्हरांड्यात बसायचे. तो त्याची वही हळूहळू वाचे आणि मी ती देवनागरीत लिहून काढी. अक्षर कापरे येई. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ लिहिताना तर घाम फुटे. त्याच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुके बोंबील असत. माझ्या डब्यातही बहुतेक तेच असे. दोन्ही घरांची चूल कोकणातलीच!

उर्दू शाळांतून आलेल्या आम्हा मुलांत एक विनोद चालत असे. सर म्हणाले, “खाली बस”, की कोणीतरी हळूच विचारी, “कुठे आहे खाली बस? आज तर स्टँडवर सगळ्या भरलेल्या होत्या!” उर्दूत ‘खाली’ म्हणजे रिकामे. तसेच ‘दफ्तर’. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी आणि मराठीत दप्तर म्हणजे पाठीवरची पिशवी. “दप्तर बाहेर ठेवा” अशी पाटी वाचून आमच्यातला एक जण म्हणाला होता, “एवढं मोठं दफ्तर बाहेर कोण काढणार?” असे शब्द फसवतात खरे, पण साथ देणारे शब्दही पुष्कळ असतात. अर्ज, दाखला, हजेरी, तारीख, कागद, शाई, खुर्ची, शिक्का, इमारत. कॉलेजच्या कचेरीत गेलो की निम्मे शब्द मला घरचे वाटत. फारसी आणि अरबीतून आलेले हे शब्द मराठीत कित्येक शतके राहत आहेत. त्यांनी थोडे रूप बदलले, थोडा अर्थ बदलला आणि ते इथलेच झाले. ‘हाज़िरी’ची ‘हजेरी’ झाली, ‘कुर्सी’ची ‘खुर्ची’ झाली.

पहिल्या वर्षाचा निकाल लागला. मी पास झालो. वडिलांनी गुणपत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि पाना बाजूला ठेवला. त्या दिवसापासून पुन्हा दुकानाचे नाव काढले नाही.

दुसरे वर्ष कसे गेले, ते आता नीट आठवतही नाही. तिसरे वर्ष मात्र विसरता येत नाही.

त्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. मुंबईची गर्दी कमी व्हावी म्हणून खाडीपलीकडे नवे शहर वसवायचे, असे सरकारने ठरवले होते. १९७० मध्ये त्यासाठी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी घेण्याचे ठरले. आमचे कॉलेज आणि नवी मुंबई यांचा जन्म एकाच वर्षाचा. भातशेती, मिठागरे, मासेमारीची खाजणे, सगळे त्यात आले. मोबदला किती मिळणार आणि जमीन गेल्यावर पुढच्या पिढीने काय करायचे, हे प्रश्न गावागावांत धुमसत होते. ‘जमीन’ हा शब्द उर्दूत आणि मराठीत एकच आहे. पण तो शब्द माझ्या मित्राच्या तोंडून ऐकला, की मला त्याचा अर्थ नव्याने कळे. माझ्या वडिलांचे दुकान भाड्याचे होते. आमच्याकडून कोणी नेईल अशी जमीन आमच्यापाशी नव्हतीच.

१९८४ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले. दि. बा. पाटील हे त्याचे नेते होते. ते स्वतः उरण तालुक्यातल्या जासईचे. पनवेलला ते वकिली करत आणि या भागातून ते अनेकदा आमदार म्हणून निवडून आले होते. १६ आणि १७ जानेवारीला जासई आणि नवघर भागात पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जणांचा बळी गेला. पुढे या लढ्यामुळे, संपादित केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन शेतकऱ्याला परत देण्याची योजना आली. पण त्याला काही वर्षे जावी लागली. जानेवारी १९८४ मध्ये कोणाला काहीच माहीत नव्हते.

माझा मित्र कॉलेजात येईनासा झाला. बाकावरची त्याची जागा रिकामी राहू लागली. परीक्षा दोन-तीन महिन्यांवर आली होती. काही मुले म्हणत, तो आता येणार नाही. मी रोजचा तास लिहून घेत होतो. आता उर्दू लिपीत नव्हे, देवनागरीत. आणि एक नव्हे, दोन प्रती. दुसरी प्रत त्याच्यासाठी. कार्बन पेपर घालून लिहिले तर खालची अक्षरे पुसट उठत, म्हणून रात्री घरी बसून पुन्हा लिहीत असे.

एका रविवारी ती वही घेऊन मी सायकलने ओवळ्याला गेलो. घराच्या ओट्यावर सात-आठ माणसे बसली होती. कोणी फारसे बोलत नव्हते. मित्राने वही घेतली, चाळली आणि बाजूला ठेवली.

“आता बी.ए. होऊन काय करू?” तो म्हणाला. “घरात आधी कोणीतरी कमवायला पाहिजे.”

मला उत्तर सुचले नाही. उत्तर दिले ते त्याच्या आईने. ती दारात उभी होती. आयुष्यात तिने कधी शाळा पाहिली नव्हती. ती म्हणाली, “शेत गेला. पुस्तक तरी ऱ्हाऊ दे.”

तो दुसऱ्या आठवड्यात आला. सकाळी बागेत काम, मग तास, मग व्हरांड्यात बसून माझ्या वहीवरून अभ्यास. आता मी वाचत होतो आणि तो लिहीत होता. मध्येच थांबून तो म्हणे, “तुझं ‘ळ’ अजून वाकडंच आहे.” आम्ही दोघेही पास झालो. त्याला माझ्यापेक्षा सात गुण जास्त मिळाले, हे तो अजून विसरू देत नाही.

पुढे मी शिक्षक झालो. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले; त्याला तिथे नोकरी मिळाली. लग्ने झाली, मुले झाली. १९९८ मध्ये पनवेलपर्यंत लोकल आली. २०१६ मध्ये जुन्या नगरपालिकेची महानगरपालिका झाली. मिठागरांच्या आणि शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. त्याची शेती गेली होती, पण गाव होते. घर, विहीर, देऊळ, शाळा, सगळे जागच्या जागी होते. मग विमानतळाचे काम आले. त्यासाठी डोंगर कापला, उलवे नदीचे पात्र वळवले आणि दहा गावे हलवली. वरचे ओवळे त्यांतलेच एक. २०१८ मध्ये विमानतळाचे भूमिपूजन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली.

त्यानंतरच्या जानेवारीत मित्राचा फोन आला. “मास्तर, एकदा कॉलेजात जाऊन येऊ.”

मला नवल वाटले. कॉलेज काही दूर नव्हते. मी तर अधूनमधून तिथल्या रस्त्याने जातच असतो. “आज एकदम कॉलेज कसं आठवलं?” मी विचारले.

“नातू विचारत होता, आजोबा, तुम्ही लहानपणी कुठं राहायचात, कुठं खेळायचात? दाखवायला काय आहे माझ्याकडे? घर नाही, शाळा नाही, विहीर नाही. विमान वर गेलं की बोट करून दाखवतो. जिथं मी तरुणपणी रोज जात होतो, अशी एकच जागा राहिली. ती तरी नीट बघून येतो, मग त्याला घेऊन जाईन.”

मी गप्प राहिलो. शाळा पाहायची असेल तर मी माझ्या शाळेत जातो, घर पाहायचे असेल तर भाऊ अजून त्याच घरात राहतो. जुन्या जागी परत जाणे ही माझ्या दृष्टीने केवळ हौस होती.

आम्ही दोघे गेलो. आत गाड्यांची गर्दी होती. मुलांपेक्षा मुली जास्त दिसत होत्या. आमच्या वर्गात त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. मित्राने आधी बाग पाहिली. “पाणी कमी पडतंय,” असे म्हणून तो वाकला आणि एका कुंडीतले गवत उपटू लागला. माळी धावत आला. “काका, काय करताय?” मित्र म्हणाला, “माझं जुनं काम करतोय.” मग दोघांची बराच वेळ खतावर चर्चा झाली. मी उभा राहून कंटाळलो.

व्हरांड्यात एक मुलगी मैत्रिणीला काहीतरी वाचून दाखवत होती. ऐकणारी मोबाइलवर भराभर उतरवून घेत होती. आम्ही दोन मिनिटे थांबलो आणि पुढे गेलो. दोन म्हातारे उगाच का उभे आहेत, असे त्यांना वाटले असते.

कचेरीत माजी विद्यार्थ्यांची नोंद करण्यासाठी एक छापील अर्ज मिळाला. मित्राने खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले १९८१ चे ओळखपत्र काढले. फोटो पिवळा पडला होता. पत्ता त्याच्याच अक्षरात होता. ते पाहून त्याने अर्जातील ‘मूळ गाव’ या रकान्यात लिहिले, ‘वरचे ओवले’.

कचेरीतल्या तरुण मुलीने अर्ज वाचला. “काका, ओवळे ना?”

“कागदावर ओवळे,” तो म्हणाला. “आई ओवले म्हणायची.”

तिने एकदा ओळखपत्राकडे पाहिले आणि लिहिलेले तसेच राहू दिले. मग तिने दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवले. “आणि इथं सध्याचा पत्ता लिहा.”

मित्राने पेन माझ्या हातात दिले. “हा तू लिही, मास्तर. मला अजून पाठ नाही झाला.”

तो सांगत गेला तसा मी लिहीत गेलो. सेक्टर, प्लॉट, इमारत, मजला. मध्ये दोनदा त्याने मुलाला फोन करून विचारले.

शब्दार्थ

गलबत – मालवाहू शिडाचे जहाज
रास्त – योग्य
खाजण – खाडीलगतची खारी, चिखलाची जमीन
बांध – शेताच्या किंवा खाजणाच्या कडेची मातीची भिंत
मिठागर – समुद्राच्या पाण्यापासून मीठ तयार करण्याची जागा
धुमसणे – आतल्या आत जळत राहणे
मोबदला – एखाद्या वस्तूच्या बदल्यात मिळणारी रक्कम
ओटा – घरापुढचा उंच चौथरा

स्वाध्याय

१. लेखक मराठीचे तास उर्दू लिपीत का लिहून घेत असत?
२. ‘जग’ या शब्दाचे दोन उच्चार करा आणि प्रत्येकाचे एक वाक्य तयार करा.
३. “शेत गेला. पुस्तक तरी ऱ्हाऊ दे.” हे वाक्य कोणी, कोणाला आणि केव्हा म्हटले?
४. मित्राला कॉलेज पाहावेसे वाटले, त्याचे कारण तुमच्या शब्दांत लिहा.
५. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत आढळणारे दहा शब्द लिहा. त्यांपैकी कोणाचा अर्थ बदलला आहे, ते सांगा.
६. तुमच्या घरातील मोठ्या माणसांना त्यांच्या जुन्या पत्त्याविषयी विचारा आणि ती माहिती आठ-दहा ओळींत लिहा.